नऊ वर्षांपूर्वीचा ब्लॉक

गेल्या पावसाळ्यात आमच्या रुग्णालयातील मेंदूविकारतज्ज्ञ एका जुन्या तपासणीचा क्रमांक कागदाच्या कपट्यावर लिहून माझ्याकडे आले आणि तो ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून ठेवलेला शरीराचा तुकडा, अजून जपलेला आहे का, असे त्यांनी विचारले. क्रमांक २०१६ सालचा होता. लहान आणि मोठे आतडे जिथे जोडले जाते तिथे क्षयरोग होऊन आतडे चिंचोळे झाल्यामुळे एका तलाठ्यांच्या आतड्याचा तो भाग तेव्हा काढावा लागला होता आणि विकृतितज्ज्ञ म्हणून त्याचा अहवाल मीच लिहिला होता. आता ते निवृत्त झाले होते, उजव्या हाताला कंप होता आणि आयुष्यभर सातबारा लिहिलेले त्यांचे अक्षर बारीक होत होत वाचता येईनासे झाले होते. कंपवाताचे (पार्किन्सन्सचे) निदान लक्षणांवरून आणि लेव्होडोपा या औषधाला मिळालेल्या प्रतिसादावरून आधीच झाले होते. त्यासाठी माझी गरज नव्हती. आमच्याकडे चाललेल्या, नीतिसमितीने मान्य केलेल्या एका अभ्यासासाठी मात्र तो ब्लॉक हवा होता आणि तलाठ्यांनी व त्यांच्या मुलीने लेखी संमती दिली होती.

कंपवातात अल्फा-सिन्युक्लिन नावाचे प्रथिन चेतापेशींत चुकीच्या घडीने साचत जाते. ही सुरुवात काही रुग्णांत आतड्याच्या चेताजालात होऊन ती मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस चेतेवाटे मेंदूकडे सरकत असावी, असा तर्क जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडला. पुढे डेन्मार्कमधील संशोधकांनी कंपवात झालेल्या लोकांचे, निदानाच्या कित्येक वर्षे आधी काढून ठेवलेले आतड्याचे नमुने शोधून त्यांत हे प्रथिन दाखवले. तो अभ्यास २०१६ मध्येच प्रसिद्ध झाला, म्हणजे ज्या वर्षी मी या अहवालावर सही केली त्याच वर्षी.

ब्लॉक सापडायला दोन दिवस लागले. आमच्या तंत्रज्ञ बाईंनी मेणातून पाच मायक्रॉन जाडीचे छेद घेतले, फॉर्मिक आम्लाची प्रक्रिया केली आणि १२९ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट जोडलेले सिन्युक्लिन तेवढेच ओळखणारे प्रतिपिंड रात्रभर लावून ठेवले; ते जिथे चिकटते तिथे शेवटी तपकिरी रंग उमटतो. सोबत त्याच वयाच्या, कंपवात नसलेल्या तीन रुग्णांचे छेद होते. स्लाइडांवरचे क्रमांक झाकून त्या माझ्यासमोर ठेवाव्यात, असा आग्रह मीच धरला होता. जे शोधायचे आहे तेच डोळ्यांना दिसू लागते, हे या कामात लवकर कळते.

तिसऱ्या स्लाइडवर मी थांबले. आतड्याच्या आडव्या आणि उभ्या स्नायुथरांमध्ये आउअरबाखचे चेताजाल असते. तिथल्या एका गुच्छात बारीक तपकिरी धागे आणि दोन पेशींच्या पोटात ठिपके स्पष्ट दिसत होते. क्रमांक उघडला तेव्हा ती तलाठ्यांचीच निघाली. मग मी २०१६ ची मूळ स्लाइड काढली. नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगात तेच चेताजाल अगदी निर्दोष दिसत होते. मी तेव्हा काही चुकवले नव्हते, तरीही त्या स्लाइडवरून डोळे काढायला मला वेळ लागला.

परंतु एवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे झाले नसते, कारण कंपवात नसलेल्या तिघांपैकी एकाच्या स्लाइडवरही, तुरळक का होईना, तपकिरी धागे होते. डॅनिश अभ्यासातही निरोगी लोकांचे काही नमुने असेच रंगले होते. म्हणून अहवालात ‘कंपवाताचा पुरावा’ असे न लिहिता ‘चेताजालात फॉस्फेटयुक्त सिन्युक्लिन आढळले, नैदानिक अर्थ मर्यादित’ एवढेच लिहिले. डॉक्टरांना ते फार कोरडे वाटले. मी शब्द बदलले नाहीत.

काही दिवसांनी तलाठ्यांची मुलगी भेटायला आली. माझ्याही आतड्याचा तुकडा तपासता येईल का, असे तिने विचारले. कोलोनोस्कोपीच्या चिमट्यात बहुतेक वेळा आतड्याचे वरचे अस्तरच येते, हे चेताजाल त्याच्या खोल थरात असते आणि समजा काही रंगले, तरी हा आजार रोखणारे औषध आज नाही, असे मी तिला सांगितले. तिने मान हलवली आणि मग बाबांना पोट साफ न होण्याचा त्रास कधीपासून होता, हे तेव्हा कुणी लिहून ठेवले होते का, असे विचारले. मी नमुन्यासोबत आलेली जुनी मागणीपत्रिका पुन्हा उघडली. शल्यचिकित्सकांच्या घाईच्या अक्षरात तिच्यावर ‘बद्धकोष्ठता, अनेक वर्षे’ असे लिहिलेले होते. कंपवाताचीही ती सुरुवात असू शकते, पण आम्ही सर्वांनी ते क्षयरोगाच्या खात्यावर टाकले होते. ते चूक होते की बरोबर, हे आज त्या ब्लॉकवरूनही ठरवता येत नाही, आणि तिलाही मी तसेच सांगितले.