माळकरी घरातली मी, रविवारच्या शिकारीच्या बाजूनं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो, मग तो मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या पंगतीला येवो किंवा साताऱ्याहून मामेबहिणीच्या फोनवर: "तुमच्या पेनसिल्व्हेनियात आता रविवारीही शिकारीला परवानगी दिली म्हणे. तुझ्या वडिलांच्या गळ्यात माळ, तू स्वतः अंडंसुद्धा खात नाहीस, आणि तू त्या कायद्याला पाठिंबा दिलास?"

हो, दिला. आमच्या भागाच्या आमदाराला पत्र लिहून दिला. का दिला ते पंगतीत पाच मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आधी कायदा काय होता ते. विल्यम पेन १६८२ मध्ये इथं आला, तेव्हा त्याच्या वसाहतीच्या पहिल्याच कायद्यात रविवारी रोजचं कामकाज बंद ठेवायची तरतूद होती. ही परंपरा पुढं वाढत गेली. रविवारच्या शिकारीवरची बंदी १८७३ च्या कायद्यातली. दुकानं, नाटकं, खेळ अशा सगळ्यांवरच रविवारी बंधनं होती आणि ती एकेक करून सुटली. बेसबॉलसुद्धा रविवारी इथं १९३४ पासूनच खेळला जातो. मोटारींची विक्री मात्र आजही रविवारी बंदच असते. आम्ही पहिली गाडी घ्यायला रविवारी गेलो तेव्हा शोरूमला कुलूप होतं, आणि शेजाऱ्यानं कारण सांगितलं ते ऐकून मला खरंच वाटेना. शिकारीवरची बंदी अशीच टिकून राहिली. कोल्हे, कायोटी (लांडग्यासारखा एक प्राणी) आणि कावळे एवढे सोडले तर रविवारी काहीही मारायची परवानगी नव्हती.

नोव्हेंबर २०१९ मध्ये गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी सही केली आणि वर्षातले तीन रविवार खुले झाले: एक धनुष्यबाणाच्या हरीण-हंगामातला, एक रायफलच्या हंगामातला आणि तिसरा गेम कमिशन, म्हणजे वन्यप्राणी आणि शिकार यांचा कारभार पाहणारं राज्याचं खातं, ठरवेल तो. जुलै २०२५ मध्ये गव्हर्नर जॉश शपिरो यांनी सही केलेल्या कायद्यानं ही तीनची मर्यादाही गेली. कोणते रविवार उघडायचे हे आता कमिशन ठरवतं. त्या पहिल्याच वर्षी १४ सप्टेंबर ते ७ डिसेंबर असे सलग १३ रविवार उघडले. बदकांसारखे स्थलांतर करणारे पक्षी अजूनही रविवारच्या शिकारीतून वगळलेलेच आहेत.

आता माझं म्हणणं.

एका धर्माच्या विश्रांतीचा वार सरकारनं सगळ्यांवर लादावा, हे मला पटत नाही. १९६१ मध्ये फिलाडेल्फियातले काही ज्यू व्यापारी याच प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. त्यांचा शब्बाथ शनिवारी, म्हणजे शनिवारी धर्मामुळं दुकान बंद आणि रविवारी कायद्यामुळं बंद. ते खटला हरले. तो निकाल वाचला की मला आपल्याकडचे पर्युषणातले वाद आठवतात. २०१५ मध्ये मुंबईत मांसविक्री बंद ठेवण्यावरून केवढं रान उठलं होतं! मी एकादशी करते ती माझ्या श्रद्धेनं करते. शेजारच्यानं त्या दिवशी कोंबडी शिजवू नये असा हुकूम महापालिकेनं काढला, तर माझ्या उपासाला त्यानं काही बळ मिळणार नाही. मग इथल्या रविवारबद्दल मी वेगळं कसं बोलू?

पण खरं सांगायचं तर मला या बाजूला आणलं ते जंगलानं.

आम्ही राहतो तिथून रॉथ्रॉक हे सरकारी जंगल जवळ आहे. तिथं काही ठिकाणी वनखात्यानं आठ फूट उंच तारेचं कुंपण घातलंय. हरणं आत जाऊ नयेत यासाठी, बाकी काही नाही. इथं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी त्या कुंपणाशी घेऊन जाते. बाहेरच्या बाजूला उभं राहून पाहिलं तर उंच ओक आणि मेपल दिसतात, आणि त्यांच्याखाली सगळीकडं गुडघाभर नेचे. पान चुरगाळलं तर वाळल्या गवताचा वास येतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, किती हिरवंगार! पण नेच्यांच्या आणि त्या उंच फांद्यांच्या मधे काहीच नाही. पाच फुटाचं रोप नाही, दहा फुटाचं नाही. आजोबा आहेत आणि नातवंडं-पतवंडं कुणीच नाहीत, असं घर. तारेच्या पलीकडं तीच माती आणि तेवढाच पाऊस, पण ओकची मनगटाएवढी झाडं दाटीनं उभी, ब्लॅकबेरीची जाळी, आणि मे महिन्यात तीन पाकळ्यांची ट्रिलियमची फुलं. हरीण नेच्याला तोंड लावत नाही. ओकचं कोवळं रोप मात्र डोकं वर काढताच खुडतं. रोपं गेली की नेचे पसरतात, आणि त्यांच्या दाट सावलीत उरलंसुरलं बीही उगवत नाही. एक हरीण दिवसाला दोन-तीन किलो पाला खातं. हे शेकडो एकरांवर, वर्षानुवर्षं चालतं. म्हातारी झाडं पडतील तेव्हा त्यांच्या जागी काय उभं राहणार, याचं उत्तर कुंपणाबाहेर मला दिसत नाही.

"मग निसर्ग बघून घेईल की," असं लोक म्हणतात. बघून घेणारे लांडगे आणि डोंगरसिंह होते. ते या राज्यातून एकोणिसाव्या शतकातच मारून संपवले. हरणंही जवळजवळ संपली होती. १८९५ मध्ये गेम कमिशन स्थापन झालं आणि पुढं बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून इथं सोडावी लागली. माणसानं आधी वाघाच्या जागी असलेले प्राणी काढून टाकले, मग हरणं वाढवली. त्यानंतर हात झटकून मोकळं होणं म्हणजे अहिंसा, असं मी मानत नाही. मला ती जबाबदारी टाळणं वाटतं. माझ्या ताटात मांस नाही आणि येणारही नाही. पण मी खात नाही म्हणून जंगलाचं गणित बदलत नाही.

इथं एक गैरसमज दूर करते. रविवार उघडला म्हणजे वाट्टेल तेवढी हरणं मारा, असं झालेलं नाही. कुठल्या भागात किती माद्या मारायच्या याचे परवाने कमिशन आधीच ठरवून देतं, आणि त्यातला मोठा भाग दरवर्षी न वापरताच राहतो. कारण साधं आहे, माणसाला सवड नसते. रायफलचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगनंतर, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणानंतर, जेमतेम दोन आठवड्यांचा. सोमवार ते शुक्रवार नोकरी, मुलांची शाळा. मग जुन्या कायद्यात हातात काय उरायचं? दोन-तीन शनिवार. ज्याची शनिवारी शिफ्ट असते त्याला तेही नाहीत. गोदामात, दवाखान्यात, दुकानात काम करणारी माणसं ही. ज्याच्याकडं पगारी रजा आहे तो आठवडाभर डोंगरातल्या कॅम्पवर जाऊन बसायचा, आणि ज्याला रजा नाही तो घरी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या राज्यात वर्षाला शिकारीचे १२ लाखांहून जास्त परवाने विकले जात. आता आकडा ९ लाखांच्या आत आलाय. कमिशन चालतं ते बरंचसं या परवान्यांच्या पैशावर आणि बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय करातून येणाऱ्या वाट्यावर. म्हणजे शिकारी कमी झाले की जंगल राखायचे पैसेही आटतात.

आणि शेतकरी. माझ्या आजोळी, पाटण तालुक्यात, मामा अजूनही रात्री राखणीला जातो. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात, वरच्या अंगाला गवे. बॅटरी, डबा, फटाके, आणि सकाळी नासधूस किती झाली त्याचा पंचनामा. त्या माणसाला वन्यप्राण्यांवर प्रेम करायला मी अमेरिकेतून कुठल्या तोंडानं सांगू? इथल्या आमच्या ओळखीच्या दूधवाल्या शेतकऱ्याच्या मक्याच्या आणि सोयाबीनच्या कडेच्या ओळी हरणं अशाच खाऊन जातात. पण हेच शेतकरी वर्षानुवर्षं रविवारच्या शिकारीच्या विरोधात होते. त्यांचं कारण मला पूर्ण मान्य होतं. आठवड्याचे सहा दिवस कुणी ना कुणी न विचारता बांधावरून येतं, गाडी फाटकाशी लावून जातं. निदान सातव्या दिवशी तरी आपल्या रानात आपण आणि आपली माणसं.

म्हणून या सगळ्या बदलातलं मला सर्वात मोलाचं वाटतं ते एक कलम. २०१९ च्या कायद्यातच ते आलं: रविवारी खासगी जमिनीवर शिकार करायची तर मालकाची लेखी परवानगी खिशात हवी. तोंडी चालत नाही, 'मागच्या वर्षी हो म्हणाले होते' चालत नाही. जोडीला, दुसऱ्याच्या रानात घुसणाऱ्यावर वन्यजीव अधिकाऱ्यांना थेट कारवाई करता येईल असंही त्यात आलं. ज्या शेतकऱ्याला रविवार शांत हवा त्यानं चिठ्ठी द्यायची नाही, विषय संपला. देवळात किंवा चर्चमध्ये जायचं, घरी झोपायचं, की मक्याच्या कडेला हरणासाठी बसायचं, हे ज्याच्या-त्याच्या जमिनीवर ज्यानं-त्यानं ठरवावं. राजधानी हरिसबर्गमधल्या विधिमंडळानं ते सगळ्यांसाठी ठरवायची गरज नव्हती.

माझं यात काही गेलं नाही, असं मात्र नाही. आम्ही चालणारी माणसं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला रविवार हा आमचा दिवस होता. शनिवारी बंदुकांचे आवाज, म्हणून रविवारी डोंगर चढायचे, हे ठरलेलं. पायवाटा सांभाळणाऱ्या संघटनांनी या बदलाला विरोध केला, आणि त्यांचं दुःख खरं आहे. मोकळ्या मनानं, कान न टवकारता, लहान मुलांना घेऊन पानगळीत फिरायचा तो दिवस आता तसा राहिला नाही. आमच्या गटातल्या दोन मैत्रिणी माझ्या पत्रामुळं बरेच दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हत्या. मी त्यांना एवढंच सांगते की नारिंगी जाकीट घाला. गेम कमिशनच्या मालकीच्या रानांत १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात शिकार न करणाऱ्यांनीही डोकं, छाती आणि पाठ मिळून निदान २५० चौरस इंच भडक नारिंगी कापड अंगावर घालावं, असा नियमच आहे. मी सप्टेंबरपासूनच घालते, आणि कुत्र्याच्या गळ्यातही बांधते. मनासारखं चालता येत नाही ही तक्रार माझीही आहे. पण माझ्या चालण्यासाठी शनिवारी राबणाऱ्या माणसाचा एकुलता एक मोकळा दिवस कायद्यानं अडवून ठेवा, असं मागायचा मला हक्क वाटत नाही.

विचारणाऱ्यांपैकी काहींचा पुढचा प्रश्न असतो, "मग तुमच्या जागेत येऊ देता का?" आमच्या घरामागं थोडं रान आहे, ओकचंच. दोन जणांना आम्ही चिठ्ठी देतो. बापलेक आहेत, बाप शनिवारी कामावर असतो. चिठ्ठीत दोघांची नावं, गाडीचा नंबर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि शिकार फक्त धनुष्यबाणानं, बंदूक आणायची नाही, असं लिहिलेलं असतं. राहत्या घरापासून धनुष्यासाठी ५० यार्डांचं अंतर कायद्यानं लागतंच. आम्ही ओढ्याच्या पलीकडंच राहा असं लिहून ते वाढवलंय. जखमी हरीण माग काढून शोधल्याशिवाय सोडून जायचं नाही, हीही एक ओळ आहे, ती मी घातली. आई इथं असते त्या दिवसांत चिठ्ठी नाही, हे त्यांना आधीच सांगितलंय आणि त्यांनी कधी त्यावर वाद घातला नाही. मांस ते घरी नेतात. जास्तीचं गरजूंच्या अन्नछत्राला जातं, त्यासाठी या राज्यात १९९१ पासून चालणारी व्यवस्था आहे.

मेन आणि मॅसॅच्युसेट्समध्ये रविवारची बंदी अजून पूर्ण आहे, आणि तिथंही हा वाद अधूनमधून पेटतो. तिथल्या मराठी लोकांनी मला विचारलंच, तर मी एवढंच सांगेन की बंदी उठवा म्हणण्याआधी लेखी परवानगीचं कलम मागून घ्या. आमच्याकडं पुढं कुणी ते काढायला निघालं, तर त्याच आमदाराला माझं दुसरं पत्र जाईल, आणि ते विरोधाचं असेल.