मॅसमची काळी बियर आणि पाचूबंदरचा बोत

रिपनला बसमध्ये चढताना मी ड्रायव्हरकडे "टू मॅशॅम" अशी दोन तिकिटं मागितली. त्यानं एक क्षण माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाला, "मॅसम." मधला 'एच' गिळून टाकायचा. वसईला 'बसीन' म्हणणाऱ्या लोकांकडून उच्चार सुधारून घ्यायची वेळ माझ्यावर यावी, याची गंमत वाटली.

बरोबर भाचा होता. तो लीड्सला हॉस्पिटलात आहे. तिथून ३६ नंबरची बस हॅरोगेटवरून रिपनला येते, आणि रिपनहून पुढे पंधरा-सोळा किलोमीटरवर हे मॅसम. उत्तर यॉर्कशरमधलं, युअर नदीकाठचं गाव. रेल्वे नाही. गावाच्या मानाने चौक अवाढव्य, कारण पूर्वी इथे मेंढ्यांचा मोठा बाजार भरायचा. जवळच्या फाउंटन्स आणि जर्व्हो या मठांचे कळपच्या कळप इथे विकायला यायचे. आता त्या चौकात गाड्या उभ्या असतात. एवढ्याशा गावात दोन नामांकित ब्रुअऱ्या, म्हणजे बियरचे कारखाने, आहेत, पण त्यांची भानगड पुढे सांगतो.

आलो होतो ते 'ओल्ड पेक्युलियर' नावाच्या काळ्या एलसाठी. एल म्हणजे इंग्लंडातली पारंपरिक बियर. खरं तर माझी इंग्लिश एलशी पहिली भेट फार वाईट झाली होती. आदल्या आठवड्यात लीड्समधल्या एका पबात मोठ्या हौसेनं पाइंट घेतला, तर कोमट, मेलेला, आणि वर शिरक्यासारखा आंबट. मला वाटलं, पारंपरिक म्हणतात ती हीच चव असणार. 'गोऱ्यांना आवडते तर आपण कोण बोलणार' असं म्हणून अर्धा संपवला. भाच्याला कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "मामा, ती नासलेली होती! परत द्यायची ना. मुकाट्यानं बदलून देतात."

झालं होतं असं, की ही बियर जिवंत असते. ब्रुअरीतून पिंपात भरताना तिच्यात यीस्ट शिल्लक ठेवतात आणि पबच्या तळघरात ती आणखी थोडी आंबते. बुडबुडे येतात ते तिचे स्वतःचे, बाहेरून गॅस मारलेला नसतो. पिंप आडवं मांडून, वरच्या भोकात लाकडी खुंटी ठोकून तिचा जोर उतरू देतात, मग एक-दीड दिवस हलवत नाहीत. ग्लासात बियर येते ती हातपंपाने उपसून. जेवढी बियर बाहेर येते तेवढी हवा आत जाते, त्यामुळे पिंप फोडलं की तीन-एक दिवसांत संपवावं लागतं. ज्या पबात गिऱ्हाईक कमी, तिथे चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्यासारखा बकरा सापडतो. साठ-सत्तरच्या दशकात मोठ्या कंपन्या या कटकटीला कंटाळून सगळीकडे गॅसवाली, गाळलेली बियर पाठवायला लागल्या होत्या. त्याविरुद्ध १९७१ साली चार मित्रांनी 'कॅमरा' ही ग्राहक चळवळ सुरू केली, आणि आज तिचे सदस्य लाखाच्या घरात आहेत. बियरसाठी चळवळ! आपल्याकडे कुणी हापूससाठी अशी काढली तर मी वर्गणी देईन.

'ओल्ड पेक्युलियर' बनवणाऱ्या थीकस्टन ब्रुअरीची सुरुवात १८२७ साली रॉबर्ट थीकस्टनने 'ब्लॅक बुल' नावाच्या खानावळीपासून केली. आताची इमारत व्हिक्टोरियन काळातली, उंच, मनोऱ्यासारखी. धान्य सगळ्यात वर चढवायचं आणि मग एकेक टप्पा खाली खाली उतरवत आणायचं, म्हणजे उपसायचे कष्ट कमी. आत शिरल्याबरोबर जो वास आला, त्यानं मी जिन्यातच थांबलो. आमच्या घरी आजी नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून सत्त्व करायची, अगदी तो वास. माल्ट म्हणजे तरी दुसरं काय? जवाला मोड आणायचे, कोंब फुटला की भट्टीत सुकवून त्याची वाढ थांबवायची. दाखवणाऱ्या बाईंनी तीन वाट्यांतले दाणे तळहातावर दिले. पहिला फिका, बिस्किटासारखा. दुसरा तांबूस, 'क्रिस्टल' म्हणतात तो. चावला की आत साखरेचा खडा झालेला. तिसरा कोळशासारखा काळा, चावल्यावर जळक्या भाकरीच्या पापुद्र्याची चव. एलचा काळेपणा येतो तो अशा भाजलेल्या दाण्यांतून, आणि फार थोडे लागतात. मग हॉप्सची, म्हणजे बियरला कडवटपणा देणाऱ्या वेलीची, सुकी बोंडं तळहातावर चुरडून हुंगायला लावली. 'फगल' ही जुनी इंग्लिश जात. ओली माती, गवत, थोडासा कडवट पाला. बाई बोलताना मध्येच "लिकर" म्हणायच्या आणि मी दर वेळी दचकायचो. नंतर कळलं, ब्रुअरीत पाण्यालाच 'लिकर' म्हणतात.

इथे अजून लाकडी पिंपंही वापरात आहेत. ती बांधणाऱ्या कारागिराला कूपर म्हणतात. मला कूपर म्हटलं की पारशी आठवतो, पण हा यॉर्कशरचा. त्याच्या कामाच्या जागी ओकच्या फळ्या, लोखंडी कडी आणि भुशाचा ढीग. पिंपाला ना खिळा, ना डिंक. फळ्या एकमेकींत घट्ट बसतात आणि ओल्या झाल्या की फुगून स्वतःच सांधा बुजवतात.

'पेक्युलियर' हे नाव वाचून मला आधी वाटलं, विचित्र या अर्थाचा शब्द चुकीच्या स्पेलिंगने छापलाय. तसं नाही. बाराव्या शतकात रॉजर द मोब्रे या सरदाराने मॅसमचं चर्च यॉर्कच्या कॅथेड्रलला देऊन टाकलं. यॉर्क लांब, दर वेळी कोण खेटे घालणार? म्हणून मॅसमला स्वतःचं धार्मिक न्यायालय मिळालं. बिशपच्या अखत्यारीबाहेरच्या अशा परगण्याला 'पेक्युलियर' म्हणत. या न्यायालयापुढे चालणारे खटले ऐकण्यासारखे आहेत. शिवीगाळ, चर्चला दांडी, आणि एक तर असा, की कुणीतरी स्मशानातली कवटी उचलून, झोप लागावी म्हणून दुसऱ्याच्या उशाशी ठेवली. आपल्याकडच्या भानामतीला लाजवेल असा प्रकार. आणि दारू पिऊन धिंगाणा हाही गुन्हाच. ज्या कोर्टानं दारुड्यांना शिक्षा केली, त्याचाच शिक्का आज बाटलीवर मिरवतोय!

तर प्रत्यक्ष पेला. दुपारचे बारा वाजून गेले होते. काउंटरमागे सत्तरीच्या आजीबाई. आम्हाला बघून म्हणाल्या, "नाऊ देन." मी गोंधळलो, आता काय? भाचा कुजबुजला, "मामा, इकडे हे 'काय मग'सारखं आहे." अगदी तसंच! पुढे काही नाही, नुसतं 'काय मग'. मीही मान हलवून "नाऊ देन" म्हणालो आणि आमची ओळख झाली.

त्यांनी पंपाचा लांब दांडा सावकाश तीनदा ओढला. उत्तरेकडे नळीच्या तोंडाशी बारीक भोकांची जाळी लावतात, त्यामुळे वर दाट फेस येतो. दक्षिणेतल्या लोकांना हा फेस म्हणजे फसवणूक वाटते, आणि यावर दोन्हीकडचे लोक तासन्‌तास भांडू शकतात. ग्लास समोर आला तेव्हा आत वादळ चाललेलं होतं. तपकिरी लाटा खाली उतरताहेत, फेस वर चढतोय. आजीबाईंनी खूण केली, थांब. मिनिटाभरात शांत झालं. वरून काळाकुट्ट दिसणारा ग्लास खिडकीशी धरला तर कडेनं लालभडक, कोकमाचं आगळ उन्हात धरल्यासारखा.

ग्लासाला हात लावला. गार होता, पण थंड नव्हता. बारा अंशांच्या आसपास ठेवतात. बर्फातून काढलेल्या बाटलीची सवय असलेल्याला पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटतं. मग डोक्यात आलं, हा तर माठातल्या पाण्याचा गारवा. दात सळसळत नाहीत, जीभ बधिर होत नाही, म्हणून चव लागते. पहिल्या घोटाला काकवी. मागोमाग काळ्या मनुका, थोडी जळकी साखर. आणि गिळल्यावर नाकाच्या मागच्या बाजूला काहीतरी फार ओळखीचं आलं, ते काय ते कळेना. अर्धा ग्लास झाल्यावर सापडलं. सुकेळी! राजेळी केळी उन्हात वाळवून पानात बांधतात, तो वसईचा वास. तिथल्या कुणाला सांगून उपयोग नव्हता. भाच्याला सांगितलं, त्यानं हुंगलं आणि "हो रे!" म्हणून ओरडलाच. शेवटी कडवटपणा येतो, पण मवाळ. उसाचा रस प्यायल्यावर आल्याची झणझण राहते ना, तितकाच. दारूचं प्रमाण ५.६ टक्के. आकडा लहान वाटतो, पण पाइंट म्हणजे ५६८ मिली, आणि ही पिताना जोर जाणवत नाही. इकडचे लोक हिला लाडाने 'वेड्यांचा रस्सा' अशा अर्थाचं नाव देऊन बसलेत. दुसरा पाइंट संपवून उठताना मला त्याचा अर्थ समजला.

आता भाच्याची फजिती. तो कॉलेजपासून शाकाहारी. काउंटरवर मी सहज विचारलं, इतकं यीस्ट असून बियर एवढी नितळ कशी? आजीबाई म्हणाल्या, पारंपरिक रीत म्हणजे आयसिंग्लास. मी विचारलं, म्हणजे काय? "फिश, लव्ह. स्विम ब्लॅडर." माशाच्या पोटातली हवेची पिशवी. ती वाळवून, विरघळवून पिंपात घालतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, तसं यीस्ट गोळा होऊन तळाशी बसतं. भाच्याचा ग्लास ओठांपासून चार बोटांवर थांबला होता. तीन वर्षं हा माणूस इंग्लंडमध्ये पाइंटवर पाइंट रिचवतोय. "मामा, हे विचारायची काय गरज होती?" आजीबाईंना दया आली. हल्ली बऱ्याच ठिकाणी दुसरे उपाय निघालेत, आयर्लंडच्या गिनेस बियरवाल्यांनीसुद्धा ते सोडलं, असं काहीबाही सांगून त्यांनी त्याची समजूत घातली. त्यानं ग्लास टेबलावर ठेवला, पाच मिनिटं बघत बसला, आणि मग "आता ओतून काय पुण्य मिळणार" म्हणत संपवला. पुढचा मात्र सफरचंदाचा सायडर घेतला, तोही डबल चौकशी करून.

पण मी भलत्याच ठिकाणी पोचलो होतो. माशाची पिशवी म्हणजे बोत! वसईच्या पाचूबंदरला घोळ मासा मिळाला की आधी त्याचा बोत काढून वेगळा ठेवतात. मासा विकतात तो वेगळा, बोत वेगळा, आणि बोताचा भाव माशाच्या वर. लहानपणापासून ते उन्हात वाळत घातलेले पिवळसर तुकडे बघत आलोय. बियरचं हिंदुस्थानशी नातं म्हटलं की जो तो आयपीएची, म्हणजे 'इंडिया पेल एल'ची, गोष्ट सांगतो, साहेबासाठी जहाजातून आलेली फिकी एल. उलट दिशेनं काय गेलं ते कुणी सांगत नाही. आपल्या किनाऱ्यांवरचा हा माल एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला जायचा. त्यावर जॉन फोर्ब्ज रॉयल नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने १८४२ साली अख्खं पुस्तक लिहिलंय. रशियन स्टर्जन माशाची पिशवी महाग पडते, मग हिंदुस्थानातली का नको, असा त्यातला हिशेब. घोळीचा बोत लाकडी पिंपात, यॉर्कशरमध्ये! माझ्या पाइंटमध्ये तो होता की नव्हता देव जाणे, पण मला चढली ती या विचारानेच.

दुसऱ्या ब्रुअरीची भानगड राहिली. थीकस्टन कंपनी १९८४ मध्ये कुटुंबाच्या हातून गेली, नंतर एका बड्या कंपनीकडे आली. घरातला पॉल थीकस्टन बाहेर पडला आणि त्यानं १९९२ साली त्याच गावात, चालत पाच मिनिटांवर, स्वतःची ब्रुअरी काढली. नाव काय ठेवलं, तर 'ब्लॅक शीप', काळी मेंढी, म्हणजे घराण्यातला वाया गेलेला. २००३ मध्ये चुलत भावांनी जुनी ब्रुअरी परत विकत घेतली. म्हणजे एका गल्लीत दोन चुली. भाऊबंदकी कुणाला चुकलीय! तिथेही गेलो, हाफ घेतला. चांगली होती, कोरडी, कडवट. पण जिभेवर अजून सुकेळी होती, तिच्यापुढे तिचं काही चाललं नाही.

संध्याकाळी रिपनला मुक्काम. रात्री नऊला चौकात तिकोनी टोपी घातलेला माणूस येऊन शिंग फुंकतो, शेकडो वर्षांची प्रथा आहे. भाचा त्याचे फोटो काढत होता. मी दुपारच्या काळ्या ग्लासाचा फोटो पाचूबंदरच्या आमच्या मासळीवाल्या मावशींना व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'मावशी, इकडे बोत दारूत घालतात.'

आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. पहाटे बंदरावर जायच्या तयारीत असाव्यात, कारण उत्तर लगेच आलं. आवाजी निरोप, मागे टेम्पोचा आवाज.

"भाव काय देतात?"