दोन स्वल्पविरामांमधले शब्द

बुधवार, रात्री पावणेअकरा

झोप येण्याचे लक्षण दिसत नाही, आणि कारण इतके क्षुल्लक आहे की उद्या सकाळी सुहासचा फोन आला तर त्याला ते सांगण्याचाही संकोच वाटेल. एका जुन्या पुस्तकात मीच ओढलेली पेन्सिलीची रेघ आज माझ्या नजरेस पडली, आणि ती रेघ मध्येच तुटलेली आहे.

गेले नऊ दिवस दिवेलागणीनंतर ‘कॉसमॉस’चा एक भाग पाहण्याचा नेम चालू आहे. खरे तर दोघांनी मिळून पाहायचे ठरले होते. ते राहून गेले. मालिका १९८० सालची, तेरा भागांची. त्या वर्षीच्या सप्टेंबर अखेरीस अमेरिकेत सुरू झाली आणि डिसेंबरात संपली. सूत्रधार अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन. ते उंच गळ्याचा स्वेटर आणि वर कोट घालून फार सावकाश बोलतात, एखाद्या शब्दावर रेंगाळतात, आणि हल्लीच्या विज्ञानमालिकांत दर दोन मिनिटांनी काहीतरी फुटावेच लागते तसे इथे काही फुटत नाही. पहिल्याच भागात ते दोन इवले स्तंभ उभे केलेला नकाशा हातात धरून किंचित वाकवतात, आणि सपाट असताना सारख्या पडणाऱ्या सावल्या एकदम लहानमोठ्या होतात. प्राचीन ग्रीक विद्वान एराटॉस्थेनिसने पृथ्वीचा परीघ कसा मोजला हे तेवढ्यात कळते. मी हाच प्रयोग वहीच्या पुठ्ठ्यावर काडेपेटीच्या दोन काड्या मेणाने चिकटवून वर्षानुवर्षे नववीला दाखवला. तो चोरलेला प्रयोग होता, पण निदान पूर्ण चोरलेला होता.

आज दहावा भाग होता. विश्वाच्या आरंभाचा आणि अंताचा हा भाग तमिळनाडूत येतो, पोंगलचा सण दाखवतो, दारासुरमच्या चोळकालीन मंदिरात हिंडतो, आणि मग नटराजाच्या मूर्तीपाशी थांबून ब्रह्मदेवाच्या अहोरात्राचा हिशेब मांडतो: ८६४ कोटी वर्षे. पृथ्वीच्या वयापेक्षा मोठा आणि महास्फोटापासून लोटलेल्या काळाच्या जवळजवळ निम्मा. हा आकडा परदेशी माणसाच्या तोंडून ऐकताना आजही छाती थोडी फुगली, हे नाकारण्यात अर्थ नाही. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी संकल्प सोडताना श्वेतवाराह कल्प आणि वैवस्वत मन्वंतर घाईघाईने उरकतात, तेव्हा आपले लक्ष प्रसादाच्या शिऱ्याकडे असते. सेगननी तेच म्हटले की आपण ताठ बसतो.

छाती फुगायला आज आणखी एक निमित्त होते. माजी विद्यार्थ्यांच्या गटावर सकाळीच एक लांबलचक मजकूर येऊन पडला होता: आधुनिक विश्वशास्त्राशी ज्याची कालगणना जुळते असा जगात एकच धर्म आहे, हे एका थोर पाश्चात्त्य शास्त्रज्ञाने मान्य केले आहे. त्याखाली अरविंदाने लिहिले होते, ‘हे आपल्या सरांनी आपल्याला तेव्हाच सांगितलं होतं.’ मला बरे वाटले. निवृत्त शिक्षकाची आठवण एरवी पेन्शनचे हयातीचे प्रमाणपत्र मागणाऱ्यांनाच होते. म्हणून भाग संपल्यावर, मूळ वाक्य पृष्ठ क्रमांकासह गटावर टाकावे अशा थाटात, मी कपाटातून मालिकेबरोबर निघालेले पुस्तक काढले. तरुणपणी मुंबईत फाउंटनच्या पदपथावर घेतलेली ही प्रत. तिचा पुठ्ठा केव्हाच निखळला आहे.

वाक्य लगेच सापडले, कारण त्याखाली माझी रेघ होती. कालगणना जुळणारा हा एकच धर्म, इथपर्यंत रेघ सरळ आणि ठळक आहे. मग स्वल्पविराम येतो, त्यानंतर ‘निःसंशय योगायोगाने’ अशा अर्थाचे मोजके शब्द येतात, पुन्हा स्वल्पविराम येतो, आणि त्याच्यापुढे रेघ पुन्हा सुरू होते. त्या शब्दांखालचा कागद कोरा आहे.

मी चष्मा पुसला आणि दिव्याखाली धरून पाहिले. पेन्सिल घसरली असेल, टोक मोडले असेल, असे म्हणायला जागा नाही. रेघ जिथे थांबते तिथे एक बारीक ठिपका उमटला आहे, म्हणजे हात थबकला होता. आणि पलीकडे ती सुरू होते तिथेही तसाच ठिपका आहे. लहान मूल पावसाळ्यात डबके ओलांडते तशी माझी पेन्सिल ते शब्द ओलांडून गेली होती.

मग मी तीस वर्षे वर्गात काय सांगितले? जाणूनबुजून खोटे सांगितले असे म्हणवत नाही. वाक्य मराठीत आणताना मधला भाग जड होत होता, तास संपत आलेला असे, मागच्या बाकावरची पोरे पहिल्यांदाच ऐकत असत; अशा वेळी ‘योगायोगाने’ हा शब्द उच्चारून कोण आपल्या हाताने रंगाचा बेरंग करील? पण ही सबब तासाला लागू पडते, पेन्सिलीला नाही. रेघ ओढली तेव्हा मी खोलीत एकटा होतो. घंटा होणार नव्हती आणि समोर कोणी पोर बसलेले नव्हते.

हिशेब तरी किती जुळतो, तेही आजच ताडून पाहिले. विश्वाचा सारा इतिहास एका वर्षात बसवणाऱ्या, मालिकेतल्या वैश्विक दिनदर्शिकेत विश्वाचे वय १५०० कोटी वर्षे धरले आहे. आज ते सुमारे १३८० कोटी मानतात. म्हणजे तेव्हाचे ‘जवळजवळ निम्मे’ आता बासष्ट-त्रेसष्ट टक्क्यांवर आले, आणि ब्रह्मदेव तर जागचा हललेला नाही. पृथ्वीशी जुळवायचे असेल तर आपण रात्र सोडून नुसता दिवस घेतो, ४३२ कोटी. तो ४५४ कोटींच्या जवळपास जातो. ब्रह्मदेवाचे शंभर वर्षांचे आयुष्य ३११ लाख कोटी वर्षांच्या घरात जाते आणि ते कशाशीच जुळत नाही. ते मी फळ्यावर कधी मांडले नाही. शिवाय विश्व पुन्हा आकुंचन पावेल आणि पुन्हा जन्मेल ही शक्यता १९८० साली खुली होती, म्हणून तर तो भाग भारतात आला. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून, म्हणजे स्फोट होऊन उजळलेल्या ताऱ्यांवरून, विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे असे दिसले आणि ती शक्यता मागे पडली. तेव्हा मी नोकरीत होतो, बातमी वाचली होती, कात्रणही काढून ठेवले होते. वर्गातले वाक्य मात्र तसेच राहिले.

सेगनना सोय होती. दहा वर्षांनी त्यांनी काही भागांच्या शेवटी नवी माहिती जोडली. तोवर केस पिकले होते, पण तोच माणूस पडद्यावर येऊन आता काय कळले आहे ते सांगून गेला. १९८८ च्या दहावीच्या तुकडीला मी आता कुठे गाठू? याच विचारात बराच वेळ गेला, आणि माझी मलाच फार दया येऊ लागली. शेवटी लक्षात आले की त्या तुकडीला गाठायला कुठे जायची गरज नाही. ती माझ्या खिशात आहे आणि दिवसाला चाळीस सुप्रभात पाठवते.

मजकूर चार वेळा लिहिला. पहिला फार लांब झाला, दुसऱ्यात मी स्वतःला फारच झोडपले होते, तिसऱ्यात अरविंदाला टोमणा बसत होता. चौथ्यात एवढेच ठेवले की मूळ वाक्यात ‘निःसंशय योगायोगाने’ असे शब्द आहेत, ते मी वर्गात सांगत नसे, आणि ती चूक माझी होती. जोडीला त्या पानाचे छायाचित्र पाठवले, तुटक्या रेघेसकट.

दहा मिनिटांत सतरा जोडलेले हात आले. कोणी ‘सर, तुमची स्मरणशक्ती धन्य!’ असे लिहिले. कोणी पानाच्या छायाचित्राचे अक्षर वाचता येत नसल्याचे कळवले. आणि आत्ता, हे लिहीत असतानाच, अरविंदाचे उत्तर आले आहे: ‘म्हणजे सर, जुळतं हे त्यांनीही मान्य केलंच ना!’