तांबट आळीतला अमोनाइट

आमच्या नाशिकच्या घरी देवघरात आजीचा एक शाळिग्राम आहे. काळा कुळकुळीत, मुठीत मावेल एवढा, आणि एका बाजूला जरा फुटल्यासारखी जागा आहे तिथून आतलं चक्र दिसतं. तुळशीच्या लग्नात तोच नवरदेव. लहानपणी मी त्या चक्रावरून बोट फिरवत बसायचे आणि आजी ओरडायची, देवाला सारखं हाताळू नये गं. ते चक्र म्हणजे अमोनाइट, समुद्रातल्या प्राण्याचं कवच, हिमालय वर यायच्या आधी तिथे टेथिस समुद्र होता त्यातलं, आणि असे शाळिग्राम नेपाळमधल्या काली गंडकी नदीत सापडतात, हे सगळं मला कळलं एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका करताना. तेव्हापासून चित्रकला आणि जीवाश्म ही दोन वेडं माझ्यासाठी एकच झाली आहेत. शाळेत मुलांना चित्रकला शिकवते आणि वहीच्या मागच्या पानांवर अमोनाइट काढते.

तर गेल्या महिन्यात सुट्टी जोडून आली आणि पुण्याला गेले. काम एकच होतं, तांब्यात एक अमोनाइट घडवून घ्यायचा.

पहाटेची एसटी, वाकडेवाडीला उतरले, चहा घेतला आणि आधी गाठलं एका कॉलेजचं भूशास्त्राचं म्युझियम. तिथल्या सरांना आधीच फोन केला होता. छोटीशी खोली, लाकडी कपाटं, ड्रॉवर ओढला की कुरकुरतो, आणि आत कापसावर ठेवलेला ताटलीएवढा अमोनाइट, लेबलवर शाईनं कच्छ, ज्युरासिक. म्हणजे 15-16 कोटी वर्षांचा! मी किती वेळ नुसती बघत बसले.

शेजारी एक अर्धा कापून पॉलिश केलेला होता. त्यात आतले कप्पे दिसतात, काहींमध्ये कॅल्साइटचे स्फटिक चमकतात. प्राणी राहायचा फक्त शेवटच्या, सगळ्यात बाहेरच्या कप्प्यात, मागचे कप्पे तरंगायला. आणि कप्प्याचा पडदा जिथे कवचाला टेकतो तिथे बाहेरून एक रेघ दिसते, ती सरळ नसतेच, कोथिंबिरीच्या पानाची कड असते ना अगदी तशी नागमोडी, कातरलेली. मी एवढी वर्षं अमोनाइट काढते पण ही रेघ मी कायम अंदाजानं काढत होते हे तिथे बसल्यावर लक्षात आलं. सरांनी हाताळायला ठेवलेला एक नमुना दिला, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली, आपण लहानपणी नाण्यावर करायचो तसं. कडा, बरगड्या, सगळं हळूहळू कागदावर वर आलं.

त्याच ड्रॉवरमध्ये बेलेम्नाइट होता, बंदुकीच्या गोळीसारखा निमुळता, हा अमोनाइटचा लांबचा नातेवाईक. त्याच्यावरून मी सरांना माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये लाइम रेजिसला जीवाश्म शोधणाऱ्या मेरी अ‍ॅनिंगला बेलेम्नाइटमध्ये शाईची पिशवी सापडली, वाळून दगड झालेली, आणि तिची मैत्रीण एलिझाबेथ फिल्पॉट हिने ती शाई कुटून पाण्यात कालवली आणि त्याच शाईनं इक्थिओसॉरच्या, म्हणजे समुद्रातल्या एका नामशेष सरपटणाऱ्या प्राण्याच्या, कवटीचं चित्र काढलं. जीवाश्माच्या शाईनं जीवाश्माचं चित्र! मला हे आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

निघताना सर म्हणाले, पुण्याच्या दगडात मात्र हे शोधू नका. खरंय, पुण्याखाली सगळा बेसॉल्ट, लाव्हा थरावर थर गोठून झालेला, त्यात समुद्राचे शंख कुठून येणार. त्याच्या पोकळ्यांत स्फटिक मिळतात, वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट तर जगभर माहीत आहे. पण हे लाव्हे वाहिले ते साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी, आणि अमोनाइट संपले तेही डायनोसॉरांबरोबर त्याच सुमाराला. म्हणजे शेवटचे अमोनाइट समुद्रात होते तेव्हा ही जमीन तयार होत होती. मेट्रोनं कसबा पेठेला जाताना, जमिनीखालून, डोक्यात हेच चाललं होतं.

तांबट आळीत पत्ता विचारावाच लागला नाही, ठोक्यांचा आवाज येतो तिकडे चालत जायचं. पेशव्यांच्या काळापासून इथे तांबट आहेत. पूर्वी बंब, घंगाळं, हंडे, आता जास्त करून दिवे आणि शोभेच्या वस्तू. भांड्यावर एकाला एक लागून ठोके मारत जातात त्याला मठारकाम म्हणतात, उन्हात धरलं की प्रत्येक ठोका वेगळा चमकतो. मला तो पोत अमोनाइटच्या अंगावर हवा होता.

तिथल्या एका तांबट काकांनी आधी माझं पेनानं काढलेलं डिझाइन बघितलं आणि म्हणाले, ताई, ही चकली झाली. बरोबरच होतं त्यांचं! चकलीचे वेढे सगळे सारख्या जाडीचे, अमोनाइटचा प्रत्येक पुढचा वेढा मागच्यापेक्षा त्याच पटीत रुंद होत जातो. मग मी घासलेला कागद काढून दिला. त्यांनी तो पत्र्यावर ठेवला, अंगठ्यानं वेढे मोजले, आणि म्हणाले, हां, आता कळलं, शिंगासारखं वाढतंय. अमोनाइट हे नावच मुळात मेंढ्याची शिंगं असलेल्या इजिप्तच्या अमोन देवावरून आलंय हे मी सांगितल्यावर खूश झाले.

नऊ इंचाचा गोल पत्रा. आधी भट्टीत लाल केला आणि सरळ पाण्यात टाकला, पोलाद असतं तर कडक झालं असतं, तांबं मऊ होतं. मग ओंडक्यातल्या खाचेवर पत्रा उलटा ठेवून गोल तोंडाच्या हातोडीनं एकेक बरगडी, ठोका, जरासं फिरव, ठोका. ठोकून ठोकून तांबं पुन्हा कडक होतं, म्हणून परत भट्टी. मीही चार बरगड्या मारल्या, तिसरीनंतर मनगट भरून आलं. पण कागदावर जो वळसा मी शंभर वेळा काढलाय तो पहिल्यांदाच हाताला लागला, बाहेरच्या कडेला बरगडी सैल मारायची आणि आत जाताना ठोका लहान करत न्यायचा.

गंमत म्हणजे काका बाहेरून आत येत होते. प्राणी आतून बाहेर वाढला, सुरुवात मोहरीहून लहान कप्प्यापासून, आणि इथे शेवटचा वेढा आधी झाला. मधे आधी ठोकलं तर पत्रा ताणून फाटतो म्हणाले.

संध्याकाळपर्यंत तीन वेढे झाले. आतल्या दोन वेढ्यांना बारीक हातोडी लागते, ती त्यांच्या भावाकडे होती. तेवढ्यासाठी पुढच्या महिन्यात परत जायचंय. कागद त्यांच्याकडेच ठेवून आलेय, भिंतीवर खिळ्याला अडकवलाय त्यांनी, बंबाच्या नळ्यांशेजारी.