शंभर सीसीची गाडी मला अजून का पुरते

"मोठी गाडी कधी घेतोयस?" हा प्रश्न मला आता ठरावीक ठिकाणी येतोच येतो. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, पेट्रोल पंपाच्या लायनीत. पगार बरा आहे, हप्ता परवडेल, मग अजून त्या जुन्या स्प्लेंडरवर काय फिरतोस असं सगळ्यांना वाटतं. दरवेळी थोडक्यात काहीतरी उत्तर देऊन विषय संपवतो पण खरं उत्तर थोडक्यात देता येत नाही, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहून काढू.

आधी एक सांगतो, मोठी गाडी मी चालवलेली आहे. मित्राकडे रॉयल एनफील्डची ६५० आहे, ट्विन सिलिंडरवाली, ती त्याने मला मोकळ्या मनाने बऱ्याचदा दिलीये. गाडी जबरदस्त आहे यात वादच नाही. ६४८ सीसी, ४७ बीएचपी ताकद, हायवेला चौथ्या गिअरवरून नुसतं मनगट फिरवलं की पुढचा ट्रक कधी मागे गेला कळत नाही. आवाज सुंदर, सीट रुंद, दिवसभर चालवली तरी हात बधिर होत नाहीत. त्या गाडीवर प्रेम करणाऱ्या माणसाला मी काहीच बोलणार नाही.

पण तीच गाडी घेऊन मी भोरमार्गे वरंधा घाटात गेलो तेव्हा पूर्ण घाटभर मी एकच काम करत होतो, गाडीला धरून ठेवायचं. नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता जातो, अरुंद, मध्येमध्ये उखडलेला, वळणावर समोरून एसटी येईल की जीप येईल सांगता येत नाही, मग तिथे दुसऱ्या गिअरच्या वर जायची वेळच येत नाही. थ्रॉटल जरासा दिला की लगेच वळण, लगेच ब्रेक, परत थ्रॉटल, परत ब्रेक. इंजिनात जे काही आहे त्यातलं पाव सुद्धा वापरलं जात नाही आणि उरलेलं सगळं आवरत बसायला लागतं.

आता तोच घाट स्प्लेंडरवर. ९७.२ सीसी, आठ बीएचपीच्या आसपास ताकद, चार गिअर, चारही पंजाने पुढे दाबायचे. चढ लागला की चौथा ओढत नाही, तिसरा टाकायचा, आणि वळण यायच्या आधीच ठरवायचं की आत दुसऱ्यावर जायचंय का तिसऱ्यावरच निभेल. कारण वळणात स्पीड तुटला तर तो परत मिळवायला पुढचा अख्खा चढ जातो. मग काय होतं, तुम्ही रस्ता वाचायला लागता. वळणाच्या पलीकडे झाडांमधून रस्ता कुठे निघतोय, खडी कुठल्या बाजूला साचलीये, समोरचा टेम्पो चढावर दमलाय का, त्याला इथे गाठायचं का पुढच्या सपाटीवर, हे सगळं डोक्यात चालू असतं. थ्रॉटल पूर्ण खेचलेला, इंजिन जोरात ओरडतंय, आणि काटा बघावा तर पन्नासवर. पन्नास! पण त्या पन्नासला माणूस पूर्ण गुंतलेला असतो, हात, पाय, डोळे, कान सगळं. लहान गाडीला स्पीड कमवावा लागतो, त्यामुळे तो जपावासा पण वाटतो. आणि गाडीत जेवढं आहे तेवढं सगळं मी वापरलं, काही शिल्लक ठेवलं नाही, हे समाधान मला त्या ६५० वर कधीच मिळालं नाही. घाटातल्या वाघजाईच्या देवळापाशी थांबून भजी खाताना हात थरथरत असतात पण ते बरं थरथरणं असतं.

लोक म्हणतात मोठ्या गाडीची मजा मोकळ्या रस्त्यावर. बरोबर आहे, पण मोकळा रस्ता दुचाकीला देतंय कोण? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आपल्याला बंदी. वांद्रे-वरळी सी लिंकवर बंदी. अटल सेतूवर बंदी. समृद्धीवर पण नाही. म्हणजे राज्यातले जे सगळ्यात गुळगुळीत रस्ते आहेत तिथे शंभर सीसीवाला आणि हजार सीसीवाला दोघेही सारखेच बाहेर उभे. उरलेल्या चौपदरी हायवेवर केंद्राने २०१८ ला ठरवलेली दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर. लिटर क्लासच्या, म्हणजे हजार सीसीच्या, सुपरबाइक पहिल्याच गिअरमध्ये शंभरच्या पुढे जातात, म्हणजे कायद्याप्रमाणे चालवायची तर दुसरा गिअर टाकायची पण गरज नाही. सुझुकीची हायाबुसा १३४० सीसीची, अडीचशे किलोच्या वर वजन, ती घेऊन पुण्यात सिंहगड रोडला संध्याकाळी सात वाजता अडकलेल्या माणसाचा पाय इंजिनच्या गरमीने भाजत असतो. मला त्याच्यासाठी खरंच वाईट वाटतं, कारण त्याने इतके पैसे घालून जे घेतलंय ते त्याला वापरायला जागाच नाहीये.

आणि जिथे जागा मिळते तिथे दुसरा हिशोब सुरू होतो. स्पीड दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते, म्हणजे साठला जेवढ्यात थांबता त्याच्या चौपट अंतर एकशे वीसला नुसत्या ब्रेकिंगला लागतं, ब्रेक कितीही भारी असू दे. आपल्याकडे हायवेच्या मधोमध कुत्रं येतं, डिव्हायडर तोडून केलेल्या गॅपमधून ट्रॅक्टर येतो, उलट्या बाजूने दुधवाला येतो. मला माझ्या मजेची जागा चाळीस ते सत्तरमध्ये सापडते हे मी माझं भाग्य समजतो.

वजनाबद्दल पण बोलायला पाहिजे, कारण शोरूममध्ये ते कोणी नीट सांगत नाही. माझी गाडी एकशे दहा-बारा किलोची, ६५० दोनशेच्या वर. चालताना हा फरक विसरायला होतो, पण थांबल्यावर, वळवताना, ढकलताना तो पूर्ण अंगावर येतो. कोकणात सागरी रस्त्याने जाताना दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने खाडी ओलांडावी लागते. बोटीच्या तोंडाची लोखंडी फळी ओली असते, वर शेवाळं आणि वाळू, त्यावरून गाडी आत घ्यायची, गाड्या-टेम्पोच्या मधल्या फटीत घुसवायची आणि उतरताना बऱ्याचदा हाताने मागे ओढून फिरवायची. स्प्लेंडरला एका हाताने मागचं कॅरिअर धरलं, थोडं उचललं, जागच्या जागी फिरली. तिथेच मोठी ॲडव्हेंचर बाइकवाले दोघे-तिघे मिळून एकेक गाडी फिरवताना मी बघितलेत. हर्णै-आंजर्ल्याकडे समुद्राजवळ जाणाऱ्या वाड्यांमधल्या पाखाड्या, जांभ्याच्या दोन कुंपणांमधून जाणारी वाट, शेवटी कोणाच्या तरी अंगणात संपणारी, तिथे मी बिनधास्त गाडी घालतो कारण मला माहितेय की चुकलो तर वळवता येईल. मोठ्या गाडीवर तीच वाट बघून माणूस आधी विचार करतो, आणि बहुतेक वेळा जातच नाही.

केळशीच्या अलीकडे एकदा मागचं चाक पंक्चर झालं. रस्त्याकडेला पत्र्याची टपरी, बाहेर टायर टांगलेला, आत एक पोरगा. "लावा दादा डबल स्टँडला," एवढंच बोलला. पान्हा घेतला, एक्सल ओढला, चेन उतरवली, चाक बाहेर. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवली, बुडबुडे आले तिथे खडूची खूण, पॉलिश पेपरने घासलं, सोल्युशन लावून फुंकर मारत वाळवलं, पॅच ठोकला. मग टायरच्या आतून बोटं हळूहळू पूर्ण गोल फिरवली आणि बारीकसा खिळा शोधून माझ्या हातात ठेवला, "हा राहिला असता तर परत बसला असता" म्हणाला. माझा चहा संपायच्या आत चाक जागेवर. त्याच्याकडे मोठ्या गाडीला उचलून धरणारा स्टँड नव्हता आणि तिच्या एक्सलला लागणारा पान्हा पण नव्हता, आणि असायचं कारण पण नाही, कारण त्याच्या गावात कोणाकडे तशी गाडी नाही. गावात जी गाडी आहे तीच तुमच्याकडे असेल तर गावातलं सगळं शहाणपण तुमच्या कामाला येतं, हे मला फार मोठं वाटतं.

तसंही लहान गाडीने जग जेवढं हलवलं तेवढं मोठ्या गाडीने कधीच हलवलं नाही. होंडाने १९५८ ला सुपर कब काढली, ४९ सीसी, आणि २०१७ पर्यंत तिचा आकडा दहा कोटींच्या पुढे गेला. जगात एवढं खपलेलं दुसरं मोटर असलेलं वाहन नाही. आपल्याकडे १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली, नंतर १९९४ ला स्प्लेंडर, आणि त्यातलं ते आडवं झुकलेलं सिलिंडर कबच्याच घराण्यातलं. त्याच्याही आधी पुण्याच्याच कायनेटिकची लुना निघाली होती, ५० सीसीची, पॅडल मारून चालू करायची, आणि आमच्या आधीच्या पिढीतल्या किती शिक्षिका, नर्सा, बँकेतल्या बायका पहिल्यांदा कोणाच्या मागे न बसता स्वतःच्या गाडीवर कामाला गेल्या त्या तिच्यामुळे. आपल्या बजाजची बॉक्सर आज युगांडात बोडा-बोडा, म्हणजे दुचाकी टॅक्सी, म्हणून भाडी मारते. आणि सातारा-सांगलीकडे पहाटे कुठल्याही रस्त्याला उभे रहा, दोन्ही बाजूला दुधाचे कॅन, मध्ये पोरगा, पुढे टाकीवर पेंड, अशी शंभर सीसी समोरून येईल. त्या माणसाच्या गाडीला "साधी" म्हणताना मला जड जातं.

यामाहाच्या आरएक्स १०० चं नाव घेतल्याशिवाय हा विषय पूर्ण होणार नाही नाहीतर कोल्हापूरवाले मला सोडणार नाहीत. ९८ सीसी, टू स्ट्रोक, ११ बीएचपी, वजन जेमतेम शंभर किलोच्या घरात. १९९६ ला बंद झाली तरी आजही चांगल्या कंडिशनची गाडी लोक नवीन गाडीच्या किमतीत घेतात. ताकद म्हणून बघितलं तर आजची कुठलीही १२५ तिच्या जवळपास आहे. पण हलकी गाडी आणि लगेच जाग येणारं इंजिन, या दोन गोष्टी जमल्या की आकडे कोणी विचारत नाही. ती गाडी मी शंभर सीसीमधलाच सगळ्यात मोठा पुरावा मानतो.

लहान गाडी कुठे कमी पडते ते पण सांगतो. हायवेला कंटेनरला ओव्हरटेक करताना लांबूनच तयारी करावी लागते, आणि तो मध्येच वेग वाढवायला लागला तर मुकाट मागे यायचं. मागे माणूस आणि सामान असेल तर खंबाटकीच्या चढाला जीव जातो तिचा. पुणे-बंगळूर एका दमात करायचं असेल तर मी पण मोठीच घेईन. आणि ब्रेक, हे माझं खरं दुखणं आहे. एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, सक्ती २०१९ ला आली ती १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना, खालच्यांना नुसतं सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो एवढंच. म्हणजे ज्या गाड्या देशात सगळ्यात जास्त, ज्यांच्यावर अख्खं कुटुंब बसतं, त्यांना ड्रम ब्रेक आणि चार बोटांएवढा टायर पुरतो असं ठरवून टाकलं.

लहान गाडी म्हणजे गरिबाची, आणि गरिबाला फक्त ॲव्हरेज पाहिजे, असं कंपन्यांनी गृहीत धरलंय. माझी गाडी साठच्या वर देते आणि त्याचा मला आनंदच आहे, पेट्रोल शंभरी ओलांडून बसलंय. पण मला तेवढंच नकोय. एकशे दहा किलोच्या आत वजन, दहा-बारा बीएचपी, पाच गिअर, पुढे एबीएसवाला डिस्क, जरा बरे शॉक, आणि किक ठेवलेली, अशी गाडी ज्याला चालवायची आवड आहे त्याच्यासाठी कोणीतरी बनवा. ग्राफिक्स आणि ब्लूटूथ नसलं तरी चालेल. अशी गाडी आली की मला सांगा, मी त्याच दिवशी बुकिंग करेन आणि पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधी तिला वरंध्यातून खाली उतरवून आणेन.