खारातलं रूप

शिरोड्याच्या आमच्या घरी फ्रीजच्या दारात दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात. एकीत बरणीतून काढलेल्या खारातल्या कैऱ्या, दुसरीत आईचं इन्सुलिन. कैऱ्यांना जाडं मीठच लागतं. "मीठ कमी पडला तर बुरशी येतली, जास्त झाला तर चामडा होतला," हे आई दर मे महिन्यात ऐकवते.

तिचं इन्सुलिन दुधाळ आहे. टोचण्याआधी ती बाटली दोन तळव्यांत धरून वाती वळल्यासारखी फिरवते. तळाचा पांढरा गाळ हळूहळू वर चढतो. तो गाळ म्हणजे इन्सुलिनचे बारीक स्फटिक. टोचताना येणारा दवाखान्यासारखा वास फिनॉलच्या कुळातल्या रसायनांचा.

प्रथिनांचे स्फटिक पिकवण्यात मी दोन वर्षं घालवली आहेत. काचेच्या पट्टीला उलटा टांगलेला थेंब, खाली त्याहून तीव्र खारं द्रावण. थेंबातलं पाणी वाफ होऊन खाली जातं, थेंब आटतो. म्हणजे मिठागरच, फक्त ऊन-वाऱ्याशिवाय. बहुतेक थेंबांत चोथाच मिळाला, ते सोडा.

इन्सुलिन हेही एक प्रथिनच. त्याच्या स्फटिकाचा पहिला क्ष-किरण फोटो ब्रिटिश शास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी 1935 मध्ये काढला. त्यावरून रेणूतल्या अणूंची रचना उलगडली 1969 मध्ये. 51 अमिनो आम्लांचा एवढासा रेणू, आणि 34 वर्षं! त्या स्फटिकात सहा-सहा रेणू जस्ताच्या दोन अणूंभोवती कोंडाळं करून बसलेले दिसले. पुढे कळलं ते मला जास्त गमतीचं वाटतं. स्फटिक पिकवताना साधं मीठ, आपलं सोडियम क्लोराइड, वाढवलं की सहातल्या तिघांची बसण्याची तऱ्हाच बदलते. इन्सुलिनच्या रेणूत अमिनो आम्लांच्या मण्यांच्या दोन साखळ्या असतात, ए आणि बी. बी साखळीचे पहिले आठ मणी एरवी पसरलेले असतात, ते मळसूत्रासारखे वळतात. फिनॉल घातलं तर सहाच्या सहा जणांचे वळतात. प्रथिन तेच, साखळीतला एक मणीही बदललेला नाही.

यातलं खरं कुठलं, हा प्रश्न मला पूर्वी छळायचा. आता वाटतं, खारातली कैरी काही खोटी कैरी नसते. राग येतो तो पाठ्यपुस्तकातल्या, प्रथिनाची साखळी रंगीत फितीसारखी दाखवणाऱ्या चित्रांचा. किती मीठ, कुठलं पीएच, उणे 173 अंशांना गोठवलं होतं की नाही, यातलं काही तिथे लिहिलेलं नसतं. स्फटिकात शेजारचा रेणू टेकला की साखळीचं एखादं लोंबतं टोकही निमूट एका जागी बसतं. चित्रात ते जन्मापासून तिथेच असल्यासारखं दिसतं. प्रथिनांच्या डेटा बँकेत रचनेसोबत बहुधा ही माहिती असते. विद्यार्थी असताना मी तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

परवा आईला मोबाइलवर ते सहा जणांचं कोंडाळं दाखवलं. चष्मा वर करून तिनं पाहिलं.

"माझ्या रक्तातय असाच बसता?"

"नाय. थंय एकेकटा सुटता. आणि पेशीक चिकटताना परत थोडा उघडता."

"मगे ह्यो फोटो बाटलेतलो," ती म्हणाली, आणि घड्याळाकडे पाहिलं. "अर्धो तास झालो. पान घे."