जॉर्डन्सचं क्वेकर मीटिंग हाउस: रविवार कसा आखावा

लंडनहून जॉर्डन्सला जायचं तर रविवारच धरावा. पुजाऱ्याविना, मौनात प्रार्थना करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं हे प्रार्थनास्थळ. बकिंगहॅमशरमधली १६८८ सालची ही वास्तू एरवी अर्ध्या तासात बघून होते. अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनच्या थडग्यापाशी फोटो काढला की संपलं, आणि मग एवढं लांब कशाला आलो असं वाटतं. ही वास्तू ज्या सामूहिक मौन प्रार्थनेसाठी बांधली, ती (तिलाच मीटिंग म्हणतात) तिथे आजही चालते: रविवारी सकाळी साडेदहाला, तासभर. बाकी सगळं मी त्या तासाच्या पुढेमागे बसवतो.

मॅरीलबोनहून चिल्टर्न रेल्वेची गाडी घ्यायची आणि सीर ग्रीन अँड जॉर्डन्सला उतरायचं. प्रवास पाऊण तासाच्या आतला. स्टेशन लहान आहे, जलद गाड्या थांबत नाहीत. हाय विकमची पाटी दिसली म्हणून कुठल्याही गाडीत चढलात तर सीर ग्रीन खिडकीतूनच बघावं लागेल. रुळांची कामंही नेमकी शनिवार-रविवारीच काढतात आणि गाडीऐवजी बस देतात. त्यामुळे आदल्या रात्री वेळापत्रक बघणं आलंच. लंडनच्या ऑयस्टर प्रवासकार्डाच्या भरवशावर न राहता मॅरीलबोनलाच परतीचं तिकीट काढलेलं बरं.

स्टेशनपासून चालत वीस-पंचवीस मिनिटं. वाट जॉर्डन्स गावातून जाते. हे गाव क्वेकरांनीच १९१९ साली वसवायला घेतलं. मधे हिरवळ, भोवती विटांची घरं. तिथून खाली उतरलं की मीटिंग हाउस. रस्ता अरुंद, दोन्हीकडे झाडोरा आणि पदपथाचा पत्ता नाही, म्हणून समोरून येणारी गाडी दिसेल अशा बेतानं उजव्या कडेनं चालावं.

पहिल्यांदा येणारा हमखास पुढे निघून जातो, कारण प्रार्थनास्थळ म्हणून आपण शिखर नाहीतर क्रॉस शोधत असतो. इथे त्यातलं काहीच नाही; एखाद्या सधन शेतकऱ्याचं विटांचं घर वाटावं. त्यामागे इतिहास आहे. १६६४ च्या कायद्यानं घरच्यांखेरीज पाचांहून जास्त माणसं सरकारमान्य चर्चबाहेरच्या प्रार्थनेला जमली तर शिक्षा होती. त्यामुळे १६७१ मध्ये इथे आधी दफनभूमीपुरती जमीन घेतली. राजा दुसऱ्या जेम्सनं १६८७ मध्ये अशा शिक्षांतून सूट जाहीर केली आणि पुढच्याच वर्षी इमारत उभी राहिली. मार्च २००५ च्या आगीत छप्पर जवळजवळ पूर्ण गेलं, पण आतली जुनी खोली बऱ्याच अंशी वाचली. दुरुस्तीनंतर २००८ मध्ये दार पुन्हा उघडलं. आत गेल्यावर नजर खाली टाका: विटांची जमीन, भिंतींना लाकडी फळ्यांचं आवरण, साधी बाकं. वेदी नाही, व्यासपीठ नाही, कारण पुजारीच नाही.

सव्वादहाला पोचलात तर उत्तम. फोन नुसता मूक न करता बंद करा. त्या शांततेत कंपनसुद्धा ऐकू येतं. कुठल्याही बाकावर बसा, जागा ठरलेल्या नसतात. सुरुवातीची घोषणा होत नाही. पहिला माणूस येऊन शांत बसला की मीटिंग सुरू. उशीर झाला तर दाराशी उभी असलेली व्यक्ती थोडं थांबवून योग्य वेळी आत सोडते. आपणहून दार ढकलू नये.

इगतपुरीला विपश्यनेत दहा दिवस बसून आलेल्यांची इथे गल्लत होते. हे आपापल्या श्वासाकडे पाहणं नव्हे. इथलं मौन सगळ्यांचं मिळून असतं, वाट पाहण्याचं. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं की ती व्यक्ती उभी राहते, दोन-तीन मिनिटं बोलते आणि बसते. कधी तासभर कुणीच उठत नाही. बोलणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, लगेच आपण उठायचं नाही; ते बोलणं मुरायला मौनाचा अवधी लागतो. साधारण विसाव्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते, पोट गुरगुरतं, घड्याळ बघावंसं वाटतं. हे सगळ्यांचंच होतं. तासाभरानं दोन एल्डर (मीटिंगची काळजी वाहणारी जाणती मंडळी) हस्तांदोलन करतात, मग शेजारी शेजाऱ्याशी. मीटिंग संपली. त्यानंतर सूचना आणि चहा. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, फोटोही तेव्हाच, विचारून. (क्वेकर ओट्सच्या डब्यावरच्या टोपीवाल्याचा विषय मात्र नको. कंपनीनं नाव उचललं, एवढाच संबंध. आपल्याला जवळचा दुवा हवा तर सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम शिक्षणाचं काम केलेल्या मार्जरी साइक्स क्वेकर होत्या.)

थडगी मोकळ्या गवतात आहेत. दगड गुडघ्याएवढेही नाहीत. पेननं पेनसिल्व्हेनिया वसवलं, पण दगडावर बिरुद नाही. त्याचं नुसतं नाव आणि १७१८ हे मृत्यूचं वर्ष. त्या काळचे क्वेकर थडग्यावर दगडच लावत नसत. हे दगड एकोणिसाव्या शतकातले, म्हणून त्यांच्या जागा तंतोतंत मानू नयेत. १८८१ मध्ये अमेरिकेतून पेनच्या अस्थी फिलाडेल्फियाला नेण्याची मागणी आली होती; इथल्यांनी ती नाकारली.

जवळच कवी मिल्टनचा क्वेकर मित्र थॉमस एलवुड याचं दफन आहे, आणि दुपारची वाट तोच दाखवतो. १६६५ च्या प्लेगमध्ये अंध मिल्टनसाठी चॅलफंट सेंट जाइल्समध्ये घर त्यानंच शोधलं, पण मिल्टन आले तेव्हा हा स्वतः क्वेकर म्हणून आयल्सबरीच्या तुरुंगात होता. ते घर आज संग्रहालय आहे. शेतांमधून चालत गेलं तर दोन मैलांच्या आसपास, पण पावसानंतर चिखल घोट्यापर्यंत येतो. बूट त्या हिशेबानं घाला. घर ठरावीक दिवशी, ठरावीक तासच उघडं असतं. आधी न बघता निघालात तर बंद फाटकाचं दर्शन होतं.

इंग्लंडहून अमेरिकेला वसाहतकऱ्यांना नेणाऱ्या मेफ्लॉवर जहाजाची लाकडं वापरल्याचं सांगतात ते कोठार मीटिंग हाउसच्या जवळच आहे. दाव्याला भक्कम पुरावा नाही आणि जागा खाजगी, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. मुलं सोबत असतील तर मिल्टनऐवजी गाडीनं पुढच्याच स्टेशनला, बीकन्सफील्डला जा. १९२९ पासूनचं बेकन्स्कॉट हे छोट्या प्रतिकृतींचं गाव स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. तासभर गप्प बसलेली मुलं तिथल्या खेळण्यातल्या आगगाड्यांमागे मनसोक्त धावतात. फक्त हिवाळ्यात ते बंद असतं.